पडीत बांधीतला आवाज

हमीदभाई गेले त्या दिवशी मी त्यांना खांदा दिला, कब्रस्तानापर्यंत चालत गेलो, मूठभर माती टाकली आणि परत येऊन दुकानाचं शटर वर केलं. एक बाई मोबाईलला काच बसवून घ्यायला थांबली होती. काच इतकी छान बसली की एक बुडबुडा राहिला नाही. रात्री घरी पोटभर जेवलो. मला काहीही वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलेले लोक पहिल्याच ओळीत डोळे पुसायला लागतात, आणि ते माझ्याच्यानं झालेलं नाही.

आमची भिंत एक होती. आरमोरीला बस स्टँडकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर माझं मोबाईलचं दुकान आहे: रिचार्ज, काच, कव्हर, आणि मेमरी कार्डात गाणी भरून देणं. हे शेवटचं काम आता कमी झालंय, पण खेड्यावरची म्हातारी माणसं अजून बटनाचा फोन घेऊन येतात आणि "यात गाने टाकून द्या, भजन अन् नाटकाचे" म्हणतात. शेजारच्या खोलीत हमीदभाईंचा 'ताल स्टुडिओ'. स्टुडिओ म्हणजे काय, तर एक खोली, भिंतीला खिळ्यांनी ठोकलेल्या जुन्या वाकळी, त्यावर अंड्यांचे रिकामे ट्रे, एक संगणक आणि माझ्या कंबरेएवढे दोन भोंगे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्या वाकळी. आवाज बाहेर जात नसे. तो सरळ माझ्या दुकानात येत असे. काचेच्या कपाटात टांगलेली कव्हरं दिवसभर थरथरायची, आणि गिऱ्हाईक विचारायचं, "काऊन हो, भूकंप होऊन राह्यला का?"

त्यांच्या बापाचा बँड होता. लाल कोट, पितळी बटनं, सगळ्या तालुक्यात लग्नं वाजवायचे. हमीदभाई त्यात लहानपणापासून ताशा वाजवत. मग डीजे आले आणि बँड बसला. भावांनी वेगवेगळे धंदे धरले, कोणी फळांची गाडी, कोणी गॅरेज. हमीदभाईंनी जुना संगणक घेतला आणि त्यावर ताल बनवायचं सॉफ्टवेअर कोणाकडून तरी टाकून घेतलं. शिकवणारं कोणी नव्हतं. इंग्रजी त्यांना फक्त दुकानाच्या पाट्यांपुरती यायची. बटन दाबून काय होतं ते बघायचं आणि चुकलं की उलटं करायचं, अशी त्यांची शाळा.

मला एकदा त्यांनी ते समजावून सांगितलं होतं. मी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. पडद्यावर आडव्या रांगा असतात, रांगेत चौकोन. एक रांग ढोलाची, एक ताशाची, एक टाळीची. ज्या चौकोनावर दाबलं तिथे ठोका बसतो. मग एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत जाते आणि ठोका आला की वाजवते, शेवटाला पोचली की पुन्हा पहिल्यापासून.

"बांधी हाय ना हे, गजूभाऊ," चौकोनांवर आणि मधल्या रेघांच्या बांधांवर बोट फिरवत ते म्हणाले. "धानाची बांधी. हे धुरे, अन् हे रोवना. एकेक रोवाचा."

"मग मजूर लावा," मी म्हटलं.

"मजूरच त लावला," माउस दाखवून म्हणाले. "चहा भी नाई मांगत."

पण सगळ्या बांध्या ते कधी रोवायचे नाहीत. सगळं पेरून झालं की एक चौकोन मुद्दाम रिकामा करायचे. "एक बांधी पडीत ठेवाची. नाचनाऱ्याले दम कुठी घ्याचा?" हा त्यांचा नियम. दुसऱ्यांनी केलेल्या बीट ऐकून ते मान हलवायचे आणि म्हणायचे, याने धुऱ्यावर भी धान लावला.

खर्रा घोटतानाही त्यांचा ताल चुकत नसे. पन्नीत तंबाखू, सुपारी, चुना घालून तळहाताखाली असा रगडायचे की भिंतीपलीकडून मला वाटे, नवं गाणं सुरू झालं. खर्रा तोंडात गेला की बोलणं बंद, काम सुरू. दिवसाकाठी किती व्हायचे ते भाभींनाच माहीत. त्या रोज भांडायच्या आणि भांडून झालं की डबा ठेवून जायच्या.

बीट तयार झाली की तिची परीक्षा तीन ठिकाणी व्हायची. आधी मोठ्या भोंग्यांवर, म्हणजे माझी कव्हरं हलवून. मग बापाच्या जुन्या रेडिओतून. आणि शेवटी फोनमध्ये टाकून तो फोन जर्मनच्या गंजात, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्यात, उभा ठेवायचा. स्वयंपाकाचा साधा गंज, काळपटलेला, भाभींच्या चुलीवरून आणलेला. फोन गंजात ठेवला की आवाज मोठा होतो, खेड्यावर लोक तसंच ऐकतात. रोवणीला गेलेल्या बाया धुऱ्यावर गंज ठेवतात, त्यात फोन. "भोंग्यात सगळंच चांगलं वाजते," हमीदभाई म्हणायचे. "गंजात जे वाजलं ते खरं."

आता त्यांच्या नावाबद्दल. डीजेच्या गाण्यात मधेच कोणीतरी ओरडतं, तुम्ही ऐकलं असेल. अमक्या गावचा तमका. ती त्या गाण्याची मालकी असते, म्हणजे दुसऱ्यानं चोरलं तरी चोराच्या गाडीवर तुमचंच नाव वाजतं. हमीदभाईंनी आपलं नाव स्वतःच्या आवाजात भरलं होतं. बँडमध्ये गर्दीतून वाट काढायला ओरडायचे तो आवाज: "हमीऽऽद आरमोरीवाला!" ते नाव ते पडीत ठेवलेल्या बांधीत बसवायचे. जागा रिकामीच होती, मग तिथे नाव रोवायला काय हरकत.

एकदा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्यांनी दोन्ही उमेदवारांना एकच बीट विकली. वरची नावं बदलली, खालचा ढोल तोच. त्यांना वाटलं, दोन गाड्या दोन वेगळ्या वस्त्यांत फिरतील, कोणाला कळतंय. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दोन्ही गाड्या चौकात समोरासमोर आल्या. दोन्हींवर तेच गाणं, आणि तेसुद्धा ठोक्याला ठोका जुळलेलं. दोन्ही गाड्यांवरून एकदम आरोळी, हमीऽऽद आरमोरीवाला! आधी कार्यकर्ते एकमेकांकडे बघत राहिले, मग एकाने नाचायला सुरुवात केली आणि दोन्हीकडची पोरं मिसळून नाचली. पोलिसांना वाटलं भांडण लागलं. दोन्ही उमेदवार संध्याकाळी स्टुडिओत आले, रागानं लाल. हमीदभाईंनी खर्रा थुंकला आणि शांतपणे म्हणाले, "गावात एकी झाली, हे काम तुमचं होतं." त्यात जो पडला त्याने नंतर पोरीच्या लग्नाचं गाणंही त्यांच्याकडूनच करून घेतलं.

एका फुटक्या ढोलाची गोष्ट यानंतरची.

धानाची कापणी झाल्यावर हमीदभाई एका डीजेवाल्याचं मशीन आणायला धानोऱ्याच्या पुढे गेले होते. येताना एका नाल्याजवळ गाडी थांबवली. नाल्यापलीकडे गाव होतं, झाडांमुळे दिसत नव्हतं, पण ढोल ऐकू येत होते. अनेक ढोल, आणि त्यातला एक फुटका. त्याच्यावर हात पडला की खालून घरघर निघायची. हमीदभाई नाल्याच्या काठावर बसले आणि फोन हातात धरून ते सगळं भरून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावून ऐकवलं.

"घरघर आयकली? मशीन शंभर वर्ष नाई काढू शकत."

"कशाचे ढोल होते?"

"लगनाचे. दुसरे कशाचे राह्यते?"

त्यांचं बरोबरच होतं. बँडवाल्याच्या घरात ढोल म्हणजे लग्न. बापाची शिस्त अशी की वरात कितीही रंगात असो, समोरून मयत आली की वाद्यं खाली, टोपी काढायची, ती पुढे गेल्याशिवाय एक काडी वाजवायची नाही. आणि त्यांच्या स्वतःच्या समाजात तर माणूस गेला की सगळं शांत. मरणाला वाजवतात हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. माझ्याही आलं नाही.

त्या भरलेल्या आवाजातून त्यांनी एक तुकडा कापला. सुरुवातीला नुसता तो ढोल, एकच फेरा, त्यावर त्यांचं नाव. मग खालून धम्म करून सगळी रोवणी. गाणं लग्नसराईत असं चाललं की विचारू नका. वडसा, गडचिरोली, मूल, पार गोंडपिपरीपर्यंत. माझ्याकडे लोक कार्ड घेऊन यायचे आणि नाव सांगता येत नसल्यामुळे तोंडाने घरघर करून दाखवायचे. हमीदभाईंच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं गाणं ते. स्टुडिओला त्यांनी नवा पत्रा टाकला.

मग एके दुपारी ती बाई आली. माझ्याच काउंटरसमोर उभी राहिली. डोक्यावर पदर नाही, हातात कापडी पिशवी, दंडावर गोंदण.

"हमीद आरमोरीवाला कोन हाय?"

मी शेजारी बोट दाखवलं, आणि नाक खुपसायची सवय असल्यामुळे मागोमाग गेलो. हमीदभाईंनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"ते ढोलाचं गानं तुमी केलं?"

हमीदभाई खुलले. "हो बाई, माझंच. कुठी आयकलं?"

"बहिनीच्या पोरीच्या लगनात. त्याच्यात तुमचं नाव वरडते, गावाचं नाव वरडते. म्हनून आली." मग म्हणाली, "तो फुटका ढोल माह्या पोराचा हाय."

"अरे वा! कुठी हाय पोरगा? आना त्याले. असा हात मी पाह्यला नाई."

"त्याचा हात नाई तो. त्याच्या संगतचे पोरं वाजवून राह्यले होते. तो त मेला होता. मरनाचं वाजवनं हाय ते."

हमीदभाईंच्या तोंडात खर्रा होता. त्यांनी तो गिळला की काय कोण जाणे, पण थुंकायला उठले नाहीत.

तिचं नाव सोमीबाई. पोरगा मध काढायला झाडावर चढला होता, तो पडला. गावात ढोल तोच चांगला वाजवायचा, म्हणून त्याचा ढोल त्याच्या सोबत्यांनी वाजवला आणि नंतर त्याच्यासोबतच ठेवून दिला. हे तिने सगळं सरळ आवाजात सांगितलं, उन्हाळ्यात पाणी कुठून आणतो ते सांगावं तसं. "आमच्यात मरनाचं लगनात वाजवत नाई. म्हातारे उठून गेले. नवरी रडाले लागली. अन् गाडीवाला वाजवूनच राह्यला. बंद करा तुमी ते."

"बाई, मले मालूम नव्हतं. मले वाटलं लगन हाय."

"बंद करा."

हमीदभाईंनी तिला पडद्यासमोर आणलं. नाल्याच्या काठावर भरलेला आवाज उघडून दाखवला, काळ्या पट्टीवरच्या हिरव्या रेघा. मग तिच्यासमोर पुसला. संगणकातली कचरापेटीसुद्धा रिकामी केली. फोनमधला पुसला. इंटरनेटवर टाकलेलं गाणं काढलं. ती सगळं बघत होती. शेवटी मान हलवली आणि बस पकडायला निघून गेली. माफी मागायला त्यांना वेळच मिळाला नाही, असं ते नंतर म्हणायचे. मागून काय झालं असतं, हे मी विचारलं नाही.

पण पुसून काय पुसलं जातं? गाणं प्रत्येक गाडीत होतं, प्रत्येक फोनमध्ये होतं. हमीदभाई दिवसभर डीजेवाल्यांना फोन लावायचे. ते हसायचे. "भाई, गानं चालून राह्यलं अन् तुमी बंद करा म्हनता? तब्येत ठीक हाय ना?" कोणी त्याची मोडतोड करून आपलं म्हणून पुन्हा इंटरनेटवर टाकलं. "गाजरगवत झालं हे," हमीदभाई म्हणाले. "उपटलं त दुसऱ्या वावरात निंगते." भिंतीपलीकडे काही दिवस अजिबात आवाज नव्हता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कव्हरं जागेवर होती.

मग एका सकाळी ते माझ्याकडे आले. "बीटले बीटच मारते, गजूभाऊ. याच्यापेक्षा चांगलं बनवा लागते. लोकं आपनच ते सोडतीन."

आमच्याकडे राईस मिली पुष्कळ. हमीदभाई एका मिलमध्ये जाऊन बसू लागले. मिलच्या पट्ट्याचा फटका, पोत्यावर पोतं पडतं तो धप्प, पोतं उचलताना हमालाच्या तोंडून निघतो तो हुंकार, हे सगळं भरून आणलं. ते काम करत असताना मी त्यांना जेवढं पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं, कारण भाभी डबा माझ्याकडे ठेवून जायच्या आणि मी तो आत नेऊन द्यायचो. जेवण बहुतेक परत जायचं. मला वाटलं मन लागत नाही. त्यांचं तोंड उघडत नव्हतं. खर्ऱ्यानं गाल आतून लाकडासारखे झाले होते, भाकरीचा तुकडा बारीक करून बाजूनं सरकवायचे. "तोंडात काई समजतच नाई," म्हणाले. "तिखट नाई, गोड नाई. सुन्न." आणि पुन्हा माउस हातात घेतला. मी डॉक्टरकडे चला म्हटलं. ते म्हणाले, लग्नसराई येऊन राह्यली, आधी हे.

मिलची बीट झाली. गंजात ठेवून ऐकली. मी गाण्यातला माणूस नाही, पण माझा पाय हलला. एक बांधी नेहमीप्रमाणे पडीत होती.

"नाव नाई टाकलं?" मी विचारलं.

"नाई. चोरू दे साल्याले. जितले चोरतीन तितलं बरं."

आणि चोरलं. त्या सराईत जिकडे तिकडे मिलची बीट. हमालाचा हुंकार आला की अख्खी वरात हुंकार द्यायची. लोक कार्ड घेऊन यायचे, ते आता वेगळा आवाज काढून दाखवायचे. पुढच्या सराईपर्यंत तो ढोल कुठे वाजला असेल तर मला तरी ऐकू आला नाही. हमीदभाईंनी ते गाणं मारलं. मिलचं ते नाव नसलेलं गाणं कोणाचं हे कोणालाच माहीत नाही. मध्यंतरी एकाने माझ्याच दुकानात येऊन सांगितलं की ते नागपूरच्या पोरांनी बनवलंय.

नागपूरलाच त्यांचं ऑपरेशन झालं. जबड्याचा एक भाग काढला. परत आले तेव्हा तोंडाला रुमाल बांधलेला असायचा आणि बोलणं फक्त भाभींना समजायचं, पुढे पुढे थोडं मलाही. गर्दी चिरत जाणारा तो आवाज संपला होता. स्टुडिओत येऊन बसायचे, रांगा उघडायचे, काही रोवायचे, पुसायचे. भोंगे लावत नव्हते.

त्याच दिवसांत बाजाराच्या दिवशी सोमीबाई पुन्हा आली. या वेळी मात्र बसली.

"आता कुठीच वाजत नाई," म्हणाली. "दोन-चार लगनात गेली. कान देऊन बसली. नाई वाजला."

हमीदभाईंनी मान हलवली. मला वाटलं, आभार मानायला आली असेल.

"तव्हा राग होता," ती म्हणाली. "आता मले आयकाचा हाय. ढोल त मातीत गेला. तुमच्याजवळ हाय ना?"

हमीदभाई पडद्याकडे बघत होते. ज्या जागी ती आता बसली होती त्याच जागी उभी राहून तिने पुसताना पाहिलं होतं. तिला पुसणं म्हणजे गाडीवरून बंद करणं वाटलं असेल. त्यांना तिचं मन राखायचं होतं म्हणून त्यांनी मुळापासून उपटलं. दोघांनीही एकमेकांचं ऐकलंच होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि ढोल गेला होता.

गाणं माझ्याकडे निघालं. मी आळशी माणूस, संगणकातून काही काढून टाकत नाही. जुन्या गाण्यांच्या ढिगात ते पडून होतं. मी घेऊन गेलो. हमीदभाईंनी सुरुवातीचा फेरा कापून वेगळा केला. नुसता ढोल. आणि त्यावर त्यांचं नाव.

ते नाव काढायचा त्यांनी प्रयत्न केला. मी मागे उभा होतो. पडीत बांधीत त्यांनी ते रोवलं होतं खरं, पण आवाज लांबला होता, 'वाला' शेजारच्या चौकोनात सांडला होता, आणि फुटक्या ढोलाची घरघर नेमकी त्याच चौकोनात होती. नाव कापलं की घरघर कापली जायची. घरघर ठेवली की नाव यायचं. ते पुन्हा पुन्हा कापून बघत होते, आणि प्रत्येक वेळी त्यांचाच दणदणीत आवाज त्यांच्या रुमाल बांधलेल्या तोंडासमोर ओरडत होता. शेवटी त्यांनी माउस सोडला आणि हात मांडीवर ठेवले.

"कोन वरडते हे?" सोमीबाईने विचारलं.

हमीदभाईंनी छातीवर बोट ठेवलं.

तिने त्यांच्या रुमालाकडे पाहिलं. मग म्हणाली, "राहू द्या."

हमीदभाई रुमालाआडून काहीतरी बोलले. मी तिला सांगितलं, "ते म्हणतात, पोराच्या मरणावर माझं नाव नको."

"राहू द्या म्हनली ना. याच नावानं मले इथी आनलं."

त्यांनी तो एक फेरा एकामागे एक लावून लांब केला. मी तिच्या कार्डात भरून दिला. हमीदभाईंनी स्वतः उठून गंज आणला, तिचा फोन त्यात उभा केला. ढोल, नाव, घरघर. ढोल, नाव, घरघर. ती म्हणाली, "फिरून फिरून तेच येते." मी म्हटलं, "इतलंच उरलं बाई." तिला ते पटलं असावं. गंज तिने परत दिला नाही, पिशवीत घातला, आणि हमीदभाईंनीही मागितला नाही. भाभी नंतर बरेच दिवस तो शोधत होत्या.

यानंतर हमीदभाई फार दिवस स्टुडिओत आले नाहीत, आणि मग जे झालं ते सुरुवातीला सांगितलंच आहे. जनाजा गेला तेव्हा रस्ता शांत होता. त्यांच्यात तसंच असतं. दुसऱ्या दिवसापासून भिंत गप्प, कव्हरं जागच्या जागी. लोक येऊन म्हणायचे, फार वाईट झालं, आणि मी म्हणायचो, हो ना. कोणा तिऱ्हाइताबद्दल बोलत असल्यासारखं ते मला ऐकू यायचं. भाभींनी संगणक विकायला काढला तेव्हा मीच गिऱ्हाईक आणून दिलं. वाकळी काढताना त्यांना रडू आलं, मी खिळे उपटत राहिलो. मला वाटायचं, इतकी वर्षं भिंत हादरून हादरून आपल्या आतलं काहीतरी निकामी झालं असावं.

परवा बाजार होता. सोमीबाई काउंटरसमोर उभी.

"हे बंद पडलं," फोन पुढे करून म्हणाली. "त्याहिच्याकडे गेली त तिथी कुलूप हाय."

कार्ड ढिलं झालं होतं. मी काढलं, पुसलं, नीट बसवलं. बसवताना सहज म्हटल्यासारखं सांगितलं, "हमीदभाई गेले बाई."

"कुठी?"

"मेले."

मी फोन चालू करून तिच्या हातात दिला. तिने विचारलं, "वाजवलं कोनी?"

"त्यांच्यात वाजवत नाई."

"आमच्यात वाजवते," ती म्हणाली. पिशवीतून गंज काढला. तो अजून तसाच काळपट होता. काउंटरवर ठेवला, त्यात फोन उभा केला आणि स्वतः माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली, रस्त्याकडे तोंड करून. "आता चालते. आता वाजू द्या."

ढोल सुरू झाला. आणि गंजातून, गर्दी चिरत, हमीदभाई ओरडले, "हमीऽऽद आरमोरीवाला!" खाली घरघर झाली. मग पुन्हा ढोल, पुन्हा ते, पुन्हा घरघर. काचेच्या कपाटात काहीच हललं नाही, तेवढा जोर त्या आवाजात नव्हता. मी हातातलं कार्डाचं झाकण उलटंपालटं करत राहिलो.

बाजारातून भाजीची पिशवी घेऊन एक ओळखीचे पाटील चालले होते. आवाज ऐकून थांबले, हसले आणि विचारलं, "काऊन गजूभाऊ, लगन कोनाचं हाय?"

"लगन नाई," मी म्हटलं. आणि उठून शटर अर्ध्यावर ओढलं.